लॅबला कुलूप असेल तर केमिस्ट्री कशी येणार?

प्रश्न : माझी मुलगी निफाड तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला आहे. गणित छान आहे तिचं, पण विज्ञान भाग १ मधे रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे हे धडे आले की चाचणीत मार्क गेलेच. शाळेत लॅब आहे पण कायम कुलूप, सर प्रयोग फळ्यावर लिहून देतात आणि मुलं जर्नलमधे उतरवून घेतात. तिला नाशिकला मोठी लॅब असलेल्या शाळेत टाकू का? लॅबने खरंच एवढा फरक पडतो?
– एक आई

उत्तर : ताई, फरक पडतो, पण लॅब असण्याने नाही, ती वापरण्याने. नाशिकच्या शाळेतही सर एकटेच टेबलावर प्रयोग करून दाखवत असतील आणि मागच्या बाकावरच्यांना टेस्टट्यूब दिसतच नसेल तर तिथे जाऊनही तेच होणार, त्यामुळे ऐन दहावीत शाळा बदलू नका असंच मी सांगेन.

विज्ञानाच्या १०० मार्कांपैकी ८० लेखी, ४० चे दोन पेपर, आणि प्रॅक्टिकलचे २०, ते शाळेतच मिळतात. जर्नल पूर्ण असलं की ते २० बहुतेकांना भरभरून पडतात, म्हणून निकालात ही उणीव दिसतच नाही. ती दिसते लेखी पेपरात "कारणे द्या" आलं की, आणि मग अकरावी सायन्सला, जेव्हा ब्युरेट (थेंब थेंब द्रव सोडायची मापाची काचेची नळी) पहिल्यांदा हातात येतं आणि मूल घाबरून जातं. मला या गोष्टीचा खूप त्रास होतो, कारण ही मुलं हुशार असतात आणि तरी "आपल्याला केमिस्ट्री जमत नाही" असं मनाशी धरून बसतात.

आता तुमच्याकडचंच बघा. द्राक्षबागेवर बुरशी येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात ना, एक टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. ते नीट झालंय का बघायला जुने शेतकरी घासलेला लोखंडी विळा त्यात बुडवतात, तांबूस थर चढला की समजायचं चुना कमी पडलाय, अजून घाला. दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया म्हणजे हीच, लोखंड तांब्यापेक्षा जास्त अभिक्रियाशील आहे म्हणून ते मोरचुदातल्या तांब्याला बाहेर काढतं. मुलीला काचेच्या ग्लासात थोडं मोरचुदाचं पाणी आणि घासलेला खिळा द्या, पण खिळा टाकायच्या आधी काय होईल ते तिला वहीत लिहायला लावा, मग अर्ध्या तासाने बघू दे, आणि जे दिसलं त्याचं इक्वेशन तिने स्वतः लिहू दे. हा आधीचा अंदाज फार महत्त्वाचा, त्याशिवाय प्रयोग नुसती गंमत होऊन जातो. मोरचूद विषारी असतं, तेव्हा तो ग्लास परत स्वयंपाकघरात आणायचा नाही आणि हात साबणाने धुवायचे. ॲसिडचे प्रयोग मात्र घरी अजिबात नको, ते शाळेतच, सरांसमोर.

शाळेशीही बोला, पण तक्रारीच्या सुरात नको. बऱ्याच ठिकाणी प्रयोगशाळा सहाय्यकाची जागा रिकामी असते आणि एकटे सर साठ मुलांना ॲसिड हाताळायला कसे देणार? पालक-शिक्षक संघात एवढंच मागा की आठवड्यातून एक तास लॅब उघडावी, चार-पाच मुलांचे गट करावेत आणि प्रयोग थेंबाथेंबाने करावेत. ड्रॉपर आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले खळगे एवढ्यावर आम्ल, आम्लारी आणि दर्शकांचे (लिटमससारख्या रंग बदलणाऱ्या पदार्थांचे) रंग छान दिसतात, रसायन अगदी थोडं लागतं त्यामुळे खर्चही कमी आणि धोकाही कमी. चुन्याची निवळी तर शाळेतच करता येते, स्ट्रॉने फुंकली की दुधाळ होते, फक्त ओढून तोंडात घ्यायची नाही हे बजावून सांगायचं.

जे शाळेत होणं शक्यच नाही त्यासाठी ओलॅब्स ही मोफत ऑनलाइन लॅब मराठीतही आहे, फोनवर बघता येते. पण तिचा नंबर शेवटचा, आधी हाताने करून बघू दे.