वाचकांचे प्रश्न : युक्रेनकडे माणसं कमी आहेत की तोफगोळे?

प्रश्न : युद्धाआधी युक्रेनची लोकसंख्या चार कोटींच्या वर होती. एवढ्या मोठ्या देशाला सैनिक कसे पुरत नाहीत? आणि १८ वर्षांच्या मुलांना अजून सक्तीने का घेत नाहीत?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय. सोव्हिएत युनियन फुटल्यावर तिकडे कारखाने बंद पडले, पगार थकले, आणि लोकांनी मुलं होऊ देणंच कमी केलं. १९९० मध्ये युक्रेनमध्ये साधारण साडेसहा लाख बाळं जन्मली होती, २००१ मध्ये जेमतेम पावणेचार लाख. आता ही २००१ च्या आसपासची पोरं बघा, फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केला तेव्हा ती विशीत होती, म्हणजे कुठल्याही सैन्याला जी हवी असतात नेमकी तीच, आणि तीच सगळ्यात कमी. त्यातली कित्येक देशाबाहेर गेली, काही रशियाने बळकावलेल्या भागात अडकली. उरलेल्यांनाही खंदकात धाडलं तर उद्या संसार कोण मांडणार, देश कोण उभा करणार, ही भीती तिथे घराघरात आहे आणि मला ती अजिबात खोटी वाटत नाही.

सक्तीच्या भरतीचं किमान वय आधी २७ होतं, ते एप्रिल २०२४ मध्ये २५ वर आणलं. त्या वर्षाच्या शेवटी अमेरिकेने १८ करा म्हणून जोर लावला तेव्हा राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी सरळ सांगितलं की आधी आहेत त्या सैनिकांना शस्त्रं द्या. मग २०२५ च्या फेब्रुवारीत १८ ते २४ वयाच्या मुलांसाठी स्वेच्छेने एका वर्षाचा करार आणला, १० लाख रिव्निया (तिथलं चलन) देऊ म्हणाले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १८ ते २२ च्या मुलांना देशाबाहेर जायची परवानगीही दिली. सरकारची ही ओढाताण बाहेरून गोंधळ वाटते, मला मात्र त्यात दोन्हीकडची खरी काळजी दिसते.

आता आकडा. जानेवारी २०२५ मध्ये झेलेन्स्कींनी सैन्य ८ लाख ८० हजारांचं असल्याचं सांगितलं होतं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्यात ड्रायव्हर आले, डॉक्टर आले, एअर डिफेन्सवाले, रसद पोचवणारे, बेलारूसच्या सीमेवर बसलेले, सगळे आले. प्रत्यक्ष खंदकात बसणारं पायदळ यातला छोटा हिस्सा, आणि मरणारे, जखमी होणारे सगळ्यात जास्त तिथलेच. डिसेंबर २०२४ पर्यंत ४३ हजार सैनिक मारले गेले आणि जखमी होण्याच्या ३ लाख ७० हजार घटना घडल्या, असा आकडा खुद्द झेलेन्स्कींनी दिला होता. त्यांच्या जागी जे येतात त्यातले पुष्कळ चाळिशी ओलांडलेले, पाठ दुखणारे, घरी पोरंबाळं असलेले.

प्रश्न : तिथले हजारो सैनिक ड्यूटी सोडून पळाल्याच्या बातम्या वाचल्या. देश वाचवायला निघालेल्या सैन्यात असं कसं होतं?

पळाले म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२४ च्या मोबिलायझेशन (सक्तीच्या भरतीच्या) कायद्याच्या मसुद्यात ३६ महिने सेवा झाल्यावर घरी सोडायची तरतूद होती, ती शेवटच्या क्षणी काढून टाकली. म्हणजे जो माणूस २०२२ मध्ये पहिल्याच आठवड्यात स्वतःहून रांगेत उभा राहिला, त्याला परत कधी जायचं याची तारीखच नाही, आणि त्याच्या घराशेजारी कोणीतरी भरतीवाल्यांना चुकवत आरामात बसलेला आहे. अशा माणसाला मी तरी भित्रा म्हणणार नाही. सरकारलाही हे कळलं असावं, कारण २०२४ च्या शेवटी, ज्यांनी पहिल्यांदाच ड्यूटी सोडली त्यांना शिक्षेशिवाय परत येता येईल असा कायदा केला.

काही दोष मात्र वरच्यांचा आहे. १५५ वी ब्रिगेड (काही हजार सैनिकांची तुकडी) घ्या, तिच्या सैनिकांपैकी बऱ्याच जणांचं ट्रेनिंग फ्रान्समध्ये झालं होतं, गाजावाजा मोठा होता, आणि लढाईला उभी राहण्याआधीच तिच्यातले जवळजवळ १,७०० जण निघून गेल्याचं बाहेर आलं, चौकशी लागली. जुन्या, लढून तयार झालेल्या ब्रिगेड माणसांवाचून झिजत होत्या आणि नवीन माणसं नव्या ब्रिगेडमध्ये भरली जात होती, जिथे अनुभवी सार्जंट नाही, शेजारी ओळखीचा माणूस नाही. हे धोरण चुकलं, आणि त्याची किंमत साध्या शिपायाने मोजली.

प्रश्न : अमेरिका-युरोपने इतकी शस्त्रं दिली, तरी कमतरता कसली?

दिली, पण कधी आणि कशी दिली ते बघा. युरोपियन युनियनने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात १० लाख तोफगोळे देतो म्हटलं, वर्ष संपलं तेव्हा निम्मेच पोचले होते. अमेरिकेची मदत काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, महिनोन्‌महिने अडकून एप्रिल २०२४ मध्ये सुटली, आणि मधल्या काळात फेब्रुवारीत पूर्वेकडचं अवदीव्का शहर सोडावं लागलं. समोरून रशियाचे गोळे येत राहतात, उत्तर कोरियाचे येतात, आणि इकडे तोफेपाशी मोजून चार-दोन. तोफ गप्प झाली की चाल करून येणाऱ्याला पायदळानेच जवळून थोपवायचं, म्हणजे गोळा कमी पडला की तिथे माणूस खर्ची पडतो. म्हणून माणसांची टंचाई आणि गोळ्यांची टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेतच कुठे?

शिवाय सगळी सरमिसळ. जुन्या सोव्हिएत तोफांचे गोळे १५२ आणि १२२ मिलिमीटर जाडीचे, पाश्चात्त्य तोफांचे १५५ चे, आणि त्यातही फ्रान्सची सीझर, पोलंडची क्राब, जर्मनीची पीझेडएच २०००, अमेरिकेची एम७७७, वर स्वतःची बोहदाना. प्रत्येकीचे स्पेअर पार्ट वेगळे, मेकॅनिकचं ट्रेनिंग वेगळं. सतत मारा केला की नळी झिजते, ती बदलायला लागते. जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे दुरुस्तीला पोलंड-लिथुआनियात न्यावे लागले, म्हणजे तेवढा काळ तो रणगाडा कागदावर, आघाडीवर नाही. ब्रिटनने चॅलेंजर दिले १४, अमेरिकेने सुरुवातीला एब्राम्स दिले ३१, हजार किलोमीटरच्या आघाडीवर तेवढ्याने काय होणार.

प्रश्न : आता ड्रोनच लढतात ना, मग माणसं कशाला लागतात?

ड्रोनने युक्रेनला तगवलं हे खरं. २०२४ मध्ये त्यांनी ड्रोनसाठी स्वतंत्र दलच उभं केलं आणि देशात लाखांनी ड्रोन बनवले. पण ड्रोन हल्ला थांबवतो, गाव ताब्यात ठेवायला तिथे कोणीतरी बसलेलं लागतं. आणि रशियाकडेही ड्रोन आहेत, फायबर ऑप्टिकच्या बारीक तारेवर चालणारे, जे रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या जॅमरने अडत नाहीत. त्यामुळे आघाडीच्या दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटरचा पट्टा असा झालाय की गाडी दिसली की संपली. आता खंदकात बसण्यापेक्षा तिथपर्यंत जाणं-येणं जास्त धोक्याचं. मग बदली करता येत नाही, दोन-तीन जण एका बिळात आठवडेच्या आठवडे, कधी महिने काढतात, पाणी आणि गोळ्या मोठ्या ड्रोनने वरून टाकतात, आणि जखमी झालेल्याला बाहेर काढायला रात्र, धुकं नाहीतर पाऊस याची वाट बघावी लागते. काही ठिकाणी आता चाकांवर चालणारे रोबोट जखमींना ओढून आणतात, पण वाटेत चाक अडकलं किंवा सिग्नल गेला तर तो माणूस तिथेच पडून राहतो, आणि त्याला आणायला पुन्हा माणसालाच जावं लागतं.