'मेलुहा'बद्दल वाचकांची मते इतकी टोकाची का, आणि नववीतल्या मुलीला ते द्यावे का?

तुम्ही लिहिले आहे की मुलीने अमीश त्रिपाठी यांचे 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' वाचायला मागितले. तिचा मामा म्हणतो असे पुस्तक दुसरे नाही. घरातले आजोबा म्हणतात ही शंकराची विटंबना आहे. तुमच्या मैत्रिणीने चाळीस पानांतच ते मिटले. कोणाचे ऐकायचे?

मुलीला द्या, हे आधी सांगते. बाकीचे जरा सावकाश सांगावे लागेल.

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. आमच्याकडे या कादंबरीची इंग्रजी प्रत आहे आणि मराठी अनुवादही आहे. बहुतेक पुस्तके लोक मुकाट परत करतात, शिक्का मारून घेतात आणि दुसरे पुस्तक शोधायला कपाटाकडे वळतात. हे पुस्तक परत करताना मात्र जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी बोलून जातो. गेल्या काही वर्षांत ही इतकी मते ऐकली आहेत की तुमच्या घरातली तिन्ही मते मला ओळखीची वाटली.

ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. काळ इसवी सनापूर्वी १९००. मानसरोवराच्या काठी गुणा टोळीचा तरुण म्होरक्या शिव चिलीम ओढत बसला आहे. शेजारच्या टोळीशी रोजच्या मारामाऱ्यांना तो विटला आहे. मेलुहाच्या सैन्यातला नंदी त्याला टोळीसकट आपल्या देशात येऊन राहायचे बोलावणे देतो. सगळे काश्मीरला पोचतात, तिथे आजारी पडतात, आयुर्वती नावाची वैद्य त्यांना औषध देते आणि शिवाचा गळा निळा होतो. मेलुहाचे लोक ज्या नीळकंठाची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत होते, तो हाच असे ठरते. पुढे राजा दक्ष, राजकन्या सती, सेनापती पर्वतेश्वर, सूर्यवंशी आणि चंद्रवंशी यांचे वैर, नागांची दहशत असे सगळे येते. त्यापुढचे सांगत नाही, मुलीचा रस जाईल.

आजोबांचा आक्षेप मला पहिल्यांदा ऐकवला तो आमच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवले आणि विचारले, "रामाने जनकाच्या घरी शंकराचे धनुष्य मोडले ना? मग इथे राम आधी होऊन गेलेला आणि शंकर त्याच्या नंतर जन्माला आलेला, हे कसे?" आक्षेप वरवरचा नाही. कादंबरीत मेलुहाची सगळी शिस्त आणि सगळे कायदे रामाने घालून दिलेले आहेत, आणि शिव त्या रामापुढे हात जोडतो. ज्याच्या कानात रामेश्वराची कथा लहानपणापासून आहे, त्याला हा उलटा क्रम खड्यासारखा लागणारच. लेखकाने याची सोय केली आहे: 'महादेव' आणि 'विष्णू' ही माणसांची नावे नसून पदे आहेत. शिवाच्या आधी रुद्र नावाचा महादेव होऊन गेला, आणि राम हा सातवा विष्णू. त्या हिशेबाने जनकाकडचे धनुष्य आधीच्या महादेवाचे म्हणता येईल. मी सरांना हे सांगितले. ते म्हणाले, "सोय आहे, पण सोयच आहे." मला त्यांचे म्हणणे पटले.

पण देवाला माणूस केले म्हणून विटंबना झाली, हे मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी रात्रभर काय गातात? देव म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, पैज हरतो, बारा वर्षांचा वनवास पत्करतो आणि चंदनपुरीला बाणाईच्या बापाकडे चाकरीला राहून मेंढरे राखतो. मग ती धनगराची पोर जेजुरीला आणतो आणि दोन सवतींचे भांडण सोसतो. हा शंकराचाच अवतार, आणि त्याची ही फजिती ऐकून भंडारा उधळणाऱ्यांची भक्ती तिळभर कमी होत नाही. श्रीधरांनी बारामतीत लिहून शके १६४० मध्ये पूर्ण केलेले 'शिवलीलामृत' आजही घरोघरी वाचले जाते. त्यातसुद्धा शिवपार्वती सारीपाट मांडतात आणि भिल्लिणीच्या रूपाला शंकर भुलतो. आजोबांना हे नक्की ठाऊक असेल. त्यांच्याशी बोलताना इथून सुरुवात करा.

मग त्यांना टोचते ते काय? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. जागरणातला देव मेंढरे राखताना देवच राहतो. त्याचे गूढ कोणी उलगडून सांगत नाही. या कादंबरीत प्रत्येक गूढाला कारण जोडलेले आहे. गळा निळा झाला तो औषधाने. नाग म्हणजे जन्मतः शरीरात व्यंग असलेली माणसे. सोमरस हे प्रयोगशाळेत होणारे आयुष्य वाढवणारे पेय. शिवाच्या भुवयांमधली जागा दुखते, जळते, म्हणजे तिसऱ्या डोळ्याचीही तजवीज झाली. मामाला नेमके हेच आवडले असणार. शाळेत विज्ञान आणि घरात आरती अशा दोन खणांत वाढलेल्या मुलांना कोणीतरी दोन्ही खण जोडून दाखवल्याचा आनंद होतो, आणि तो खरा आनंद आहे. आजोबांना त्याच जोडणीत काहीतरी हरवल्यासारखे वाटते. मी स्वतः आजोबांच्या बाजूला जास्त झुकते. नीळकंठाची कथा जगासाठी विष गिळणाऱ्याची आहे, आणि औषधाचा परिणाम म्हणून गळा निळा झाला की तो त्याग गोष्टीच्या सुरुवातीला तरी उरत नाही. लेखकाने पुढे शिवाला ते ओझे पेलायला लावले आहे, तरी माझी ही रुखरुख गेली नाही.

तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न वेगळा आहे, तो भाषेचा. मराठी वाचक पौराणिक कादंबरी हातात घेतो तेव्हा त्याच्या मनात शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' असते. ते आले १९६७ मध्ये, आणि अजूनही आमच्याकडची प्रत कपाटात टिकत नाही. त्यातला कर्ण स्वतःशी बोलतो तेव्हा शब्दांचा नुसता पूर येतो. त्या पुरात भिजलेला वाचक इथे येतो आणि इंग्रजीत शिवाच्या तोंडी 'डॅमिट' ऐकतो. शिवाय मेलुहाचे लोक नव्या पाहुण्याला गटारे, रस्ते, नगररचना आणि कायदे सांगत सुटतात, पानेच्या पाने. मलाही तिथे कंटाळा आला. वाक्ये साधी आहेत, काही ठिकाणी अगदीच ढिली.

मात्र याच साधेपणाने काय केले ते मी टेबलापलीकडे पाहिले आहे. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा एक मुलगा इंग्रजी प्रत घेऊन गेला. दोनदा मुदत वाढवून घेतली. परत आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, इंग्रजी कादंबरी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली." त्याने पुढचे दोन भागही नेले. त्यानंतर तो इतर इंग्रजी पुस्तकांच्या कपाटाकडे जाऊ लागला. लेखक स्वतः तेव्हा वित्तक्षेत्रात नोकरी करणारे. त्यांचे हे पहिले पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारले होते. २०१० मध्ये ते निघाले तेव्हा पहिले प्रकरण दुकानांतून फुकट वाटले गेले. एरवी ज्यांना कोणी वाचक म्हणून मोजत नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोचले, याचे मला मोल वाटते.

इतिहासाबद्दल मात्र मुलीला एक गोष्ट तुम्ही स्वतः समजावून सांगा. आमच्याकडे शाळेतली मुले येऊन 'मेलुहाचा खरा इतिहास' मागतात. मेलुहा हे नाव काल्पनिक नाही. मेसोपोटेमियाच्या कीलकाकार लिपीतल्या लेखांत ते येते, अक्कडच्या सार्गोन राजाने तिकडची जहाजे आपल्या धक्क्याला लागल्याचे लिहवून ठेवले आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते नाव सिंधू संस्कृतीच्या प्रदेशाशी जोडतात. मोहेंजोदडोचे महास्नानगृहही खरे, सुमारे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. तिथे सापडलेल्या एका मुद्रेवर शिंगांचा मुकुट घालून बसलेली आकृती आहे. जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये तिच्यात शिवाचे आद्यरूप पाहिले, पुढे अनेक अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली. आणि इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास ती मोठी शहरे ओस पडू लागली होती. एवढे हाडाचे. त्यावरचे मांस सगळे लेखकाचे. सिंधूची लिपी अजून सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही, त्यामुळे तिथल्या एकाही राजाचे नाव आपल्याजवळ नाही. दक्ष आणि सती पुराणातून आले आहेत, विटा उत्खननातून. मुलीला हे ठाऊक असेल तर कादंबरी जास्तच रंगेल. शक्य झाले तर प्रवरेकाठच्या दायमाबादला सापडलेल्या ब्राँझच्या हत्ती-गेंड्यांची छायाचित्रे तिला दाखवा. उत्तर हडप्पा काळाचा धागा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत येतो, हे पाहून मुले हरखतात.

आता ज्या भागासाठी मी हे पुस्तक आवर्जून देते, त्याबद्दल. मेलुहाचा एक कायदा आहे, विकर्माचा. ज्याच्यावर मोठे संकट कोसळले, त्याने गेल्या जन्मी पाप केले असणार, म्हणून त्याला कोणी शिवायचे नाही. सतीला मेलेले मूल झाले, त्याच दिवशी तिचा नवरा गेला, आणि ती विकर्म ठरली. राजाची मुलगी असूनही. आमच्या गावातल्या पन्नाशीच्या एक बाई मराठी प्रत परत करायला आल्या. त्या लवकर विधवा झालेल्या. म्हणाल्या, "आमच्यात याला पांढऱ्या पायाची म्हणतात." एवढेच बोलल्या आणि पुढचा भाग मागितला. त्या प्रतीत विकर्माच्या पानावर कोणीतरी पेन्सिलने उभी रेघ ओढली आहे. परत आलेल्या पुस्तकांतल्या रेघा मी खोडून टाकते, ती तशीच ठेवली आहे.

या कायद्यावर शिव चिडतो आणि तो मोडायचे ठरवतो. एका कॉलेजच्या मुलीने मला विचारले होते, सती राजकन्या नसती आणि नीळकंठाचे तिच्यावर मन बसले नसते, तर कायदा मोडला असता का? हा फार चांगला प्रश्न आहे आणि पुस्तक त्याला पुरेसे उत्तर देत नाही. पुढे विकर्म सैनिकांची तुकडी लढाईत उतरते तेव्हा थोडे देते. सती स्वतः मात्र वाट पाहत बसत नाही. तिला अपमानित करणाऱ्याला ती अग्निपरीक्षेचे आव्हान देते. इथे अग्निपरीक्षा म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने मागायचे द्वंद्व, आगीच्या रिंगणात. हा शब्द आपण आजवर कोणत्या अर्थाने ऐकत आलो ते आठवा, आणि मुलीला तो प्रसंग वाचू द्या.

दुसरी गोष्ट माईकाची. मेलुहात बायका बाळंतपणाला माईकाला जातात, मूल तिथेच ठेवून येतात, ते राज्य वाढवते, मोठेपणी परीक्षा घेऊन त्याचा वर्ण ठरवते आणि त्या वर्णातल्या जोडप्याला ते दत्तक देते. म्हणजे जन्मावरून जात नाही, सगळ्यांना सारखी संधी. पात्रे हे फार अभिमानाने सांगतात. काही वाचक हीच आदर्श व्यवस्था म्हणून तिचे कौतुक करतात. मायका म्हणजे हिंदीत माहेर. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, आईच्या हातचे डिंकाचे लाडू खाल्लेली बाई हे वाचते, की माहेरी जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे, तेव्हा तिच्या अंगावर काटा येतो. माझ्या आला. जातिभेद घालवायला आईकडून मूल काढून घ्यायचे का, यावर आमच्या वाचनालयात दोन आयांचे आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांचे तासभर भांडण झाले. मी दिवे बंद करायला उठले तरी ते थांबेनात. भाषा ढिली असली तरी घराघरात असले भांडण लावणारी पौराणिक कादंबरी मी रोज पाहत नाही.

चिलीम आहे, लढाया आहेत, थोडी शिवीगाळ आहे. नववीतल्या मुलीला यात जड जाईल असे काही नाही. इंग्रजी वाचायची सवय लावायची असेल तर इंग्रजी प्रत द्या. आजोबांनाही वाचायला लावायचे असेल तर मराठी आणा, 'मेलुहाचे मृत्युंजय' या नावाने मिळते. आणि दुसरा भाग आधीच घरात आणून ठेवा. पहिला भाग ऐन प्रसंगात तुटतो. दुसरा २०११ मध्ये आणि तिसरा २०१३ मध्ये येईपर्यंत आमच्या सभासदांनी दर आठवड्याला टेबलापाशी येऊन चौकशी केली होती.