प्रोलॉग या नियमांवर चालणाऱ्या भाषेची उत्तरं पायथनमधून एकेक करून, मध्ये थांबत कशी घ्यावीत? सरळ फाइंडऑल (सगळी उत्तरं एकदम यादीत गोळा करणारी प्रोलॉगची आज्ञा) लावून मोकळं झालं तर काय बिघडतं?

"फाइंडऑल लाव आणि मोकळा हो" हे मी २०१८ साली पुण्यात आमच्या टीम लीडच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

काम होतं कॉलेजच्या वेळापत्रकाचं. नियम प्रोलॉगमध्ये: एका मास्तरांचे एकाच वेळी दोन तास नकोत, प्रॅक्टिकलला सलग दोन तास हवेत, अमक्या मॅडमना शनिवार नको. बाकी सगळं पायथनमध्ये. ऑफिसातल्या बाईंना एक वेळापत्रक दिसायचं, पसंत नसेल तर "पुढचं" दाबायचं. प्रोलॉगला यात नवीन काही नाही, उत्तर देऊन तो पर्यायाच्या फाट्यावर थांबतो आणि पुढचं मागितलं की तिथून दुसरी वाट धरतो. पायथनचा यील्डवाला जनरेटरही (एकेक किंमत देणारं फंक्शन) असाच थांबतो. दोघांची गाठ मारली की झालं, असं मला वाटलं. एका टॅबवर ते झालंही.

डेमोला बाईंनी दोन टॅब उघडले. एफवायचं बघता बघता एसवायचं मागितलं आणि स्क्रीनवर एरर: आधीची क्वेरी (प्रोलॉगला विचारलेला प्रश्न) बंद झालेली नाही. प्राचार्य चष्मा पुसत बसले.

गोम अशी की प्रोलॉगच्या एका यंत्रात उघड्या क्वेऱ्या जेवणाच्या डब्यातल्या कप्प्यांसारख्या एकावर एक बसतात. वरचा कप्पा काढल्याशिवाय खालच्याला हात लावता येत नाही. पायथनमध्ये दोन जनरेटर हवे तसे आलटून पालटून हलवता येतात, इथे सगळे फाटे एकाच स्टॅकवर, म्हणजे एकाच चळतीत. पायथन आणि प्रोलॉग जोडणाऱ्या आमच्या दुव्याने तर दुसरी क्वेरी उघडूच दिली नाही.

येताना रिक्षातच लीड ते वाक्य बोलले. मी म्हटलं, सर, तीस तास तीस जागांवर बसवायचे तर नियम लावण्याआधी ३३ आकडी संख्या होते, नियमांनी कितीही गाळली तरी यादीत मावायची नाही. "मग पहिली शंभर घे." पहिली शंभर! बॅकट्रॅकिंग (मागे येऊन दुसरी वाट धरणं) शेवटच्या फाट्यापासून मागे फिरतं. म्हणजे सोमवार ते शुक्रवार जसाच्या तसा आणि शनिवारच्या दोन-चार तासांची अदलाबदल, अशी शंभर.

(हे माझ्या "पुढचं" बटणालाही लागू होतं. रिक्षात मी ते बोललो नाही.)

उपाय: एसडब्ल्यूआय प्रोलॉग या प्रोलॉगच्या एका रूपातली इंजिनं, म्हणजे हवे तेव्हा थांबणारे स्वतंत्र शोध. दर टॅबला एक इंजिन, प्रत्येकाचे स्टॅक वेगळे. हे थ्रेड (समांतर चालणारी कामं) नव्हेत, मागितल्याशिवाय इंजिन जागचं हलत नाही, त्यामुळे दोघांनी एकाच माहितीला एकदम हात लावू नये म्हणून घालायच्या कुलपांची भानगड नाही. पुढचं उत्तर मागताना इंजिनला निरोपही देता येतो. आम्ही "मंगळवार बदला" असं बटण केलं, निरोप मिळाला की आतला कोड मंगळवारनंतरचे फाटे सोडून थेट मंगळवारपर्यंत मागे जायचा. फाइंडऑलच्या यादीला असं काही सांगता येतं का? किंमत एवढीच की उत्तराची नक्कल बाहेर येते, आतल्या व्हेरिएबलशी तिचं नातं तुटतं. आम्हाला तयार वेळापत्रकच हवं होतं, तेव्हा काही अडलं नाही.

इथे कुणीतरी फ्रीझ वापरा म्हणेल. ती गोष्ट वेगळी. फ्रीझ एखादं उद्दिष्ट व्हेरिएबलला किंमत मिळेपर्यंत ताटकळत ठेवतं, प्रोलॉगचे एक जनक कोलमेरोअर यांच्या प्रोलॉग-२ पासून, म्हणजे १९८२ पासून, ते आहे. तुम्हाला अख्खा शोध थांबवायचाय.

आणि "असलं कुणी करत नाही" असंही लीड म्हणाले होते. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात १९८० च्या दशकात पॉपलॉग नावाची प्रोग्रॅमिंगची प्रणाली चालायची. त्यात प्रोलॉग आणि पॉप-११ ही दुसरी भाषा एकाच आभासी यंत्रावर, आणि पॉप-११ मध्ये मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतील अशा प्रोसेस. तेव्हा करत होते, सर.

आता माझी चूक. बाई टॅब उघडा ठेवून जेवायला गेल्या. तेवढ्यात दुसऱ्या मशीनवरून एका मास्तरांची आठवडाभराची रजा नोंदवली गेली. बाईंनी येऊन "पुढचं" दाबलं तर मास्तर सोमवारी वर्गात आणि शनिवारी रजेवर. थांबलेल्या शोधात सोमवार आधीच ठरलेला होता, शनिवार नव्याने नवी माहिती वाचून ठरला. असर्ट या आज्ञेने प्रोलॉगमध्ये घातलेली माहिती बॅकट्रॅकिंगने मागे जात नाही हे मला पाठ होतं, पण थांबलेल्या इंजिनाखालून जमीन सरकेल हे डोक्यात आलं नाही. मग माहितीला आवृत्तीचा आकडा लावला, आकडा बदलला की इंजिन मोडून नवं सुरू. टॅब बंद झाल्यावरही इंजिन आठवणीने मोडा, अर्धवट राहिलेलं स्वतःहून संपत नाही. आणि तुमची उत्तरं मुळात दहा-वीसच असतील तर खुशाल फाइंडऑल लावा, इंजिनांच्या नादी लागू नका.

ती रजेची चूक लीडनीच पकडली होती, कबूल आहे. वर म्हणाले, "फाइंडऑल असतं तर हे झालं नसतं." फाइंडऑल असतं तर मास्तर सोमवारीही वर्गात असते आणि शनिवारीही.