कोजागिरीनंतरचे आभार

गच्चीवर पहिल्यांदाच कोजागिरी केलीत ना? मग ग्रुपवर ‘सगळ्यांचे आभार’ एवढंच टाकून थांबू नका. तो मेसेज सगळ्यांना असतो, म्हणून कुणालाच पोचत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेकाला वेगळं लिहा. दोनच ओळी, पण त्यात त्याने केलेलं नेमकं काम हवं: ‘तू अर्धा तास ढवळत उभा राहिलास म्हणून दूध तळाला लागलं नाही.’ शेवटपर्यंत थांबून पातेलं घासणाऱ्याला मात्र फोनच करा. तो हमखास विसरला जातो, कारण एकाही फोटोत नसतो.

दूध, केशर, चारोळीचे पैसे कुणी दिले ते विचारून त्याच दिवशी मिटवा; जवळचे मित्र मागत नाहीत, पण मनात राहतं. भेळेचे डबे आठवड्याच्या आत परत द्या, रिकामे नाही. चार मुठी चिवडा किंवा दोन लाडू पुरेत. फोटो १०-१२च निवडा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर रात्रीचे अंधारे फोटो आणखी पुसट होतात. खाताना टिपलेले आधी वगळा.

जो येऊ शकला नाही, त्याच्याशी मात्र फोटो ग्रुपवर पडण्याआधी बोलून घ्या.