नदीकाठ नटवायचा, पण पाण्याला विचारून

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे. अहमदाबादच्या साबरमतीसारखी नदीला सरळ भिंत बांधून वर फिरायला रस्ता केला, तर शोभाही येईल आणि पूरही अडेल. विरोध कशाला?

अहमदाबादेत वर्षाला जेमतेम ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे ३,००० च्या वर. तिथे नदीचं पात्र २६३ मीटरवर बांधून घेतलं आणि नर्मदा कालव्याच्या पाण्याने भरून ठेवलं. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं गणितच निराळं. वरून डोंगरांचं पाणी, त्यात कोयनेच्या वीजगृहांतून कोळकेवाडी धरणामार्गे येणारं पाणी, आणि खालून दाभोळ खाडीची भरती. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं की पाणी पुढे सरकत नाही. २००५ आणि २०२१ चा जुलै तुम्ही दुकानात बसून पाहिलाय, मी काय सांगणार!

शिवाय भिंत वाशिष्ठीला अडवेल, पण बाजारातून येणाऱ्या शिव नदीचं काय? वाशिष्ठी फुगली की शिव नदीला बाहेर पडायला वाव उरत नाही. मग तुमची भिंत पाणी आत कोंडून ठेवील. पंप बसवा म्हणतील. ऐन पुरात वीज असते का, ते आधी विचारा.

माझं मत : काठाला उतरत्या पायऱ्या ठेवा, बुडल्या तरी बिघडू नयेत अशा. जांभ्याच्या चालतील. वर झाडं, मोकळं मैदान, आठवडी बाजाराला जागा. पक्की दुकानं मात्र नकोत. आणि गाळ काढणं हे उद्घाटनापुरतं नव्हे, दरवर्षीचं काम समजून पैसे बाजूला ठेवा.

प्रश्न : निळी रेषा, लाल रेषा म्हणजे नेमकं काय?

ढोबळमानाने, २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द निळी, १०० वर्षांतल्याची लाल. निळीच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये अटींवर. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुढची ९९ वर्षं निवांत, असा मात्र नाही.

प्रश्न : बैठकीला बोलावतात तेव्हा नकाशा आधीच रंगवलेला असतो. जाऊन उपयोग काय?

तुमची तक्रार खरी आहे. मीही अशा बैठकीत चहा-बिस्किटं खाऊन परतलोय. म्हणून बैठकीच्या आधीच कामाला लागा. आळीतल्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा अजून असतील, त्या मोजून फोटो काढा. गोवळकोटच्या होडीवाल्यांना घेऊन एकदा भरतीला, एकदा ओहोटीला काठाने चाला. पात्र कुठे उथळ झालंय, हे त्यांना सल्लागारापेक्षा चांगलं ठाऊक असतं. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ३० दिवसांत लेखी हरकत द्या, पोचपावती घ्या. लेखी दिलं तरच सुनावणीत बोलता येतं. नुसत्या आरडाओरड्याची नोंद कुणी घेत नाही.

प्रश्न : पाण्यापर्यंत पायऱ्या केल्या तर मुलं उतरतील. मगरींचं काय?

वाशिष्ठीत मगरी आहेतच, आणि त्या हरकती-सूचना देणार नाहीत. खालच्या टप्प्याला कठडा, फलक आणि रात्री दिवे हवेत. होडीचा धक्का आणि विसर्जनाचा घाट वेगळा, तिथे माणूस नेमलेला. कपडे धुवायला काठावर बसणाऱ्या बायकांना आधी विचारा, मगर ऊन खायला कुठे येते. ती जागा सोडून पायऱ्या बांधा.