'ताई, पोराला उत्तर देता येत नाही हो'

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) जवळ आला की एकाच काळजीचे फोन माझ्याकडे वाढतात. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच. "ताई, पोरं बाहेरून काहीबाही ऐकून येतात, त्यांना उत्तर देता येत नाही. आम्हालाही येत नाही. उद्या चर्च सोडतील हो." इंदुरातली आम्ही मराठी कॅथलिक माणसं बहुतेक नगर, नाशिक, वसईकडून नोकरीपायी इकडे आलेली. चर्चमधली मिस्सा (सामूहिक उपासना) हिंदीत, घरातली जपमाळ मराठीत आणि मुलांचा मोबाइल इंग्रजीत. या तीन भाषांच्या मधल्या फटीत श्रद्धा कुठेतरी पडून हरवेल, असं आईबापांना वाटत राहतं. त्या सगळ्यांसाठी एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाताळानंतर एक बाई आल्या. माहेर-सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं, नवरा पीथमपूरला कंपनीत. मुलगा बारावीत, भंवरकुआंला कोचिंग. वर्ष होत आलं, तो मिस्साला येत नव्हता. नाताळच्या रात्रीसुद्धा पोटात दुखतंय म्हणून घरी राहिला. बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. रोज सकाळी एक, रात्री एक असे व्हिडिओ त्यांनी मुलाला पाठवले होते. कुणी फादर नास्तिकाला निरुत्तर करतोय, कुणी बाई मूर्तिपूजेच्या आरोपाला उत्तर देतेय.

"त्याला हे सगळं सांगता आलंच पाहिजे, ताई. नाहीतर लोक त्याला खाऊन टाकतील."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे 'असं झालंच पाहिजे' हा हट्ट तपासायला शिकवणाऱ्या पद्धतीत, तयार झालेली समुपदेशक. वाक्यातला 'च' मला लगेच ऐकू येतो. इतक्या वर्षांत कान तेवढा तयार झालाय. मी विचारलं, "आणि नाही सांगता आलं तर?"

बाई थांबल्या. "तर मी आई म्हणून नापास."

परीक्षा मुलाची नव्हतीच. त्या स्वतः पेपर देत होत्या, रोज दोन वेळा. मी त्यांना एवढंच सांगितलं, की पुढच्या बैठकीपर्यंत एकही व्हिडिओ पाठवायचा नाही. त्यांना ते उपवासापेक्षा जड गेलं असावं.

मुलगा आला तो यादी घेऊनच. गॅलिलिओला चर्चने छळलं. विज्ञान आणि चर्च यांचं जमत नाही. तुम्ही पुतळ्यांपुढे मेणबत्त्या लावता. आणि शेवटी, आवाज खाली आणून, 'चावल की बोरी के लिए धरम बदला'. मी एकेकाला हात घातला. गॅलिलिओवर 1633 मध्ये झालेला अन्याय झाकायचा नसतो, 1992 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती चूक जाहीरपणे मान्य केली. विश्व प्रसरण पावतंय आणि त्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली, ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला संन्यासी. येशूची आई मरिया, तिची आपण आराधना करत नाही, आराधना देवाची. तिला आपण 'आमच्यासाठी प्रार्थना कर' म्हणतो, जसं आजारी पडल्यावर आजीला म्हणतो.

मी रंगात आले होते. तो शांतपणे म्हणाला, "हे मला माहीत आहे. मम्मीने पाठवलंय सगळं."

म्हणजे उत्तरं होती त्याच्याकडे. तरी तो चर्चच्या पायरीपाशी अडला होता.

"मग अडतंय कुठे रे?"

बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मी राख पुसली."

गेल्या राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, तो सकाळची मिस्सा करून, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन थेट कोचिंगला निघाला होता. गेटपाशी मित्र दिसले. तो मागच्या बाजूने बाथरूममध्ये गेला, नळाखाली कपाळ धरलं, आणि ओल्या केसांनी वर्गात जाऊन बसला. कुणी काही विचारलं नाही. त्या रविवारी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभं राहायची त्याला लाज वाटली. पुढच्या रविवारी जास्त. मग तो जायचाच थांबला. "पीटरने तरी कुणी विचारल्यावर येशूला नाकारलं," तो म्हणाला, "मला तर कुणी विचारलंही नव्हतं."

सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःवर केलेला हा निवाडा ऐकून माझ्या घशात दाटून आलं. आई समजत होती की इंटरनेटने पोरगा पळवला. ज्याची श्रद्धा सुटली, तो राख पुसल्याचं दुःख वर्षभर कशाला वागवेल?

मी त्याला बायबलमधलं त्या दिवसाचं शुभवर्तमान काढायला सांगितलं. राखेच्या बुधवारी मत्तयचा सहावा अध्याय वाचतात. उपवास कराल तेव्हा लोकांना दाखवायला म्हणून तोंड उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं येशू तिथे सांगतो. राख दिवसभर ठेवलीच पाहिजे असा नियम चर्चने घातलेला नाही. त्याने दोनदा वाचलं. "पण मी त्यासाठी नव्हतं पुसलं."

"बरोबर. तू भीतीने पुसलंस. म्हणजे बोलायचं ते भीतीबद्दल."

आणि मग मला ते दिसलं, जे मी आयुष्यभर वाचत आले होते. 'तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला सदैव तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने', हे श्रद्धेच्या समर्थनाबद्दलचं वाक्य आपण जिथेतिथे ऐकतो. ते बायबलमधल्या ज्या पत्रात आहे, त्यावर नाव पीटरचं आहे. येशूला पकडलं त्या रात्री कोळशाच्या शेकोटीपाशी एका दासीला घाबरून 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याचं, पीटरचं. योहानच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे. येशू पीटरला जाब विचारत नाही. आधी न्याहारी देतो आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? उत्तर द्यायला तयार असा, असं आपल्याला सांगणारा माणूस एकदा उत्तर न देता आल्याची शरम भोगून आला होता. 'सौम्यतेने' हा शब्द त्याला तिथेच मिळाला असणार. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो रडला, आणि मी त्याला रडू दिलं.

कन्फेशनचं (पापकबुलीचं) मी त्याच्यावर सोडलं. ते फादरचं काम, माझं नाही. तो दुसऱ्याच आठवड्यात जाऊन आला.

चौथ्या बैठकीला मी आई आणि मुलगा दोघांना एकत्र बसवलं. राखेची गोष्ट त्याने स्वतः सांगितली. मला वाटलं होतं बाई दुखावतील. त्या पदराशी चाळा करत राहिल्या आणि म्हणाल्या, "घर भाड्याने घेताना मालकाने विचारलं, आप लोग महाराष्ट्रियन हैं ना? मी हो म्हटलं. पुढचं नाही सांगितलं. आडनावावरून कळत नाही ना आपलं. नऊ वर्षं झाली. मतमाउलीची, मरियामातेची, तसबीर आतल्या खोलीत आहे." मुलगा आईकडे बघतच राहिला. नगर जिल्ह्यातल्या हरेगावच्या यात्रेला हजारोंच्या गर्दीत मतमाउलीचा जयजयकार करणारी आपली आई इथे तसबीर आत ठेवते, हे त्याला रोज दिसत होतं, पण उमगलं त्या दिवशी.

मी बाईंना दोष दिला नाही, तुम्हीही देऊ नका. भाड्याचं घर शोधणाऱ्या माणसाची भीती खोटी नसते.

राहिली तांदळाची बोरी. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी त्याला गावी आजोबांना फोन करायला लावला. आपल्या घरात हा धर्म आला कसा, एवढंच विचार. आजोबांनी काही लपवलं नाही. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला, माणसं किड्यामुंगीसारखी मेली, त्यानंतर मिशनचे फादर आले. त्यांनी भाकरी दिली, शाळा दिली, आणि ज्यांची सावली लोकांना चालत नव्हती त्यांना शेजारी बसवलं. "भुकेल्याने भाकरी घेतली तर लाज कुणाला वाटायला पाहिजे? आणि बाळा, दुष्काळ संपून किती वर्षं झाली? आपण सहा पिढ्या इथंच आहोत."

पाचव्या बैठकीत हे सांगताना मुलाची मान ताठ होती. तेव्हा मी त्याला हेही सांगितलं, की 'ही गोऱ्यांची गोष्ट' म्हणणाऱ्याला गोव्यात राहिलेल्या फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' सांग. ते 1616 मध्ये छापलं गेलं, मराठीत, ओवीत, आणि त्यात मराठीची थोरवी गायली आहे.

आता माझ्याकडे येणाऱ्या आईबापांशी थोडं सरळ बोलते. मुलाचा प्रश्न म्हणजे हल्ला नव्हे, तो तुमच्याकडे आला हीच मोठी गोष्ट. त्याच्या प्रश्नाला दहा व्हिडिओ पाठवू नका. एक गोष्ट नीट वाचा, त्याच्यासोबत वाचा, आणि जे ठाऊक नाही ते 'मला ठाऊक नाही, फादरना विचारू' असं म्हणा. धर्मगुरूंच्या हातून मुलांवर अत्याचार झाले आणि ते दडपले गेले, हे मुलं वाचतात. तिथे चर्चची बाजू घेऊन बोलाल तर तुमचं बाकी सगळं खोटं ठरेल. जे पाप आहे त्याला पाप म्हणणं हेही श्रद्धेचंच रक्षण आहे. आणि कुणी मुलाला हिणवत असेल, तर तिथे वाद जिंकायचा नसतो, मुलाला जपायचं असतं. गरज पडल्यास शिक्षकांशी बोला.

आणि एकदा मुलांना घेऊन देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला जा. इंदुरातल्या कितीतरी कॅथलिक घरांनी ते पाहिलेलं नसतं. गोरगरिबांसाठी काम करणाऱ्या सिस्टर राणी मारियांना 25 फेब्रुवारी 1995 ला बसप्रवासात भोसकून मारलं, त्या तिथे विसावल्या आहेत. मारेकऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, 2002 मध्ये तुरुंगात जाऊन राखी बांधली. 2017 मध्ये इंदुरात राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा तोही हजर होता. आपल्या श्रद्धेबद्दल कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा ही राखी सांगते.

सहाव्या बैठकीनंतर ते दोघं आले नाहीत, गरजही नव्हती. राखेच्या बुधवारी संध्याकाळी बाईंचा फोन आला. तसबीर अजून आतल्याच खोलीत आहे, पण दार उघडं असतं म्हणाल्या. मग फोन मुलाने घेतला. कोचिंगमध्ये शेजारच्या मुलाने विचारलं होतं, "अबे, ये माथे पे क्या लगा है?"

"मग?"

"मी म्हटलं, पिछले साल के खजूर इतवार की डालियों की राख है. तो म्हणाला, क्यों? मी सांगायला लागलो, तेवढ्यात सर आले. अर्धंच सांगून झालं."