ईएमआयवर माइक घेण्याआधी खोलीकडे बघा

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. डोंबिवलीत भाड्याचा वन बीएचके, बेडरूममध्येच रेकॉर्डिंग, ऑडिओबुक आणि व्हॉइसओव्हरचे महिन्याला सरासरी 22 हजार सुटतात, कधी 35 तर कधी नुसते 9, बँकेत 90 हजार. दोन क्लायंटनी "आवाज घुमतोय" म्हणून फाइल परत पाठवली, आणि आता न्यूमन कंपनीचा टीएलएम 103 हा माइक आणि नवीन इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, मिळून 1 लाख 20 हजारांची खरेदी 12 महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर करायची का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगतो, आत्ता नको.

तुमची क्लिप हेडफोन लावून ऐकली, माझ्या भावालाही ऐकवली, तो डबिंगमध्ये साउंड रेकॉर्डिस्ट आहे. तुमचा आवाज खरंच गोड आणि ठाशीव आहे. पण प्रत्येक वाक्य संपलं की शेवटचा शब्द भिंतीवर आपटून परत येतो, आणि मागे फ्रीजची घरघर सतत चालू. हे काही माइक बिघडल्याचं लक्षण नाही, तुमचा आत्ताचा एटी2020 माइक जे खोलीत आहे तेच ऐकवतोय. टीएलएम 103 चा स्वतःचा आवाज, म्हणजे कुणी बोलत नसतानाही माइकमधून येणारी सरसर, 7 डेसिबल, तुमच्या माइकचा 20, म्हणजे तो सरस आहेच, पण आपण शांत म्हणतो ती खोलीसुद्धा 30 च्या आसपास असते त्यामुळे हा फरक फ्रीजच्या घरघरीखालीच गाडला जाणार. आणि घुमणं तर तो काडीचंही कमी करणार नाही.

आता पैशाचं बघू. महिन्याला 10 हजारांचा हप्ता, आणि ज्या महिन्यात 9 हजारच आले त्या महिन्यात भाडं कशातून देणार? साठवलेल्या 90 हजारांतूनच ना. नो-कॉस्ट म्हणतात तरी बँक व्याज लावते, दुकानदार तेवढी सूट देतो एवढंच, आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, 16 टक्के दर धरला तर तेच पावणेदोन हजारांच्या घरात, प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय तुमचं भाडेकरारपत्र 11 महिन्यांचं, हप्ते 12. घर बदलायची वेळ आली तर डिपॉझिट, टेम्पो, दलाली, सगळं त्या हप्त्यांच्या मधेच येऊन पडेल.

माइकच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करतो, चांगला माइक नीट वापरला तर पुढे बऱ्या किमतीला विकला जातो, खोलीवर केलेला खर्च तसा परत मिळत नाही. म्हणूनच भिंतीला काही चिकटवू नका. सुताराकडून आवाज शोषणाऱ्या, दोन बाय चार फुटांच्या चार उभ्या फ्रेम करून घ्या, आत 48 डेन्सिटीचा (घनमीटरला 48 किलो) दोन इंची रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची गादी, वरून जाडसर कापड पक्कं शिवून, म्हणजे तंतू बाहेर येणार नाहीत. माझ्या अंदाजानं 10-12 हजारांत बसेल आणि घर बदललं तर टेम्पोत घालून नेता येईल. अंड्याचे ट्रे, पातळ फोम यावर पैसे घालवू नका, त्यानं फक्त वरचे सूर दबतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. रस्त्यावरची वाहतूक या फ्रेमनंही थांबणार नाही, तेवढ्यासाठी रात्री उशिरा किंवा पहाटे रेकॉर्ड करा.

आणि फुकटातली गोष्ट म्हणजे अंतर. तुम्ही माइकपासून दीड-दोन फुटांवर बसता, ते एक वीतभर करा, थोडं तिरकं बसून, म्हणजे प-फ म्हणताना माइकला हवेचे फटके लागणार नाहीत. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज 6 डेसिबलनं वाढतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो.

बाकीचे पैसे हलवू नका. चार-पाच महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, सलग सहा महिने 30 हजारांच्या वर येत असतील, तेव्हा नवा माइक रोखीनं घ्या, मी स्वतः हो म्हणेन. मधे एखादं मोठं काम आलं तर तासाच्या भाड्यानं स्टुडिओ घ्या आणि ते भाडं कोटेशनमध्येच धरा.

सुताराकडे जाण्याआधीही एक करून बघा. कपाटातल्या सगळ्या गोधड्या काढा, दोन पाठीमागे दोरीवर, एक समोर माइकच्या मागे, एक बाजूला, फ्रीज बंद, आणि परत आलेल्या फाइलमधलाच एक परिच्छेद वीतभर अंतरावरून वाचा. तोच त्या क्लायंटला पाठवा, काय बदललं ते न सांगता, आणि ते काय म्हणतात ते मला कळवा. फ्रीज परत चालू करायला विसरू नका मात्र, गाडीची किल्ली त्यातच ठेवली की आठवतं.